फ्रँकलिनिया, ओकलीफ हायड्रेंजिया की लायलॅक? जुन्या नर्सरीतली झुडपं आणि आपलं अंगण

न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात नवीन घर घेतलं की पहिल्याच मे महिन्यात दुकानात जे फुललेलं दिसेल ते उचलून आणलं जातं आणि तीन वर्षांत ते वाळून जातं. त्यापेक्षा इथल्या पहिल्या नर्सरीवाल्यांनी काय विकलं ते बघा, ही झाडं इथली थंडी पिढ्यान्पिढ्या काढत आलीत. फिलाडेल्फियाच्या जॉन बार्ट्रमने १७२८ मध्ये स्कूलकिल नदीकाठी शेत घेतलं, हा माणूस जंगलं पालथी घालून बिया गोळा करायचा आणि लंडनचा कापड व्यापारी पीटर कॉलिन्सन त्या बिया पाच गिनीला (तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं) एक पेटी या भावाने तिकडच्या हौशी श्रीमंतांना द्यायचा, एकेका पेटीत शंभराच्या आसपास जाती! पुढे १७८३ मध्ये बार्ट्रम घराण्याने झाडांची छापील यादीपण काढली.

आता फ्रँकलिनिया. १७६५ मध्ये जॉन आणि त्याचा मुलगा विल्यम यांना हे झाड जॉर्जियात अल्टमाहा नदीकाठी दिसलं, विल्यमने नंतर बी आणून वाढवलं, आणि १८०३ नंतर ते जंगलात कोणाला दिसलेलंच नाही. आज जगात जी काही फ्रँकलिनिया आहेत ती सगळी बार्ट्रमच्या बागेतल्या झाडांची वंशज. चहाच्या कुळातलं झाड, फूल आपल्या नागचाफ्याची आठवण करून देणारं, पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळे केसर, आणि फुलतं ऑगस्ट-सप्टेंबरात म्हणजे ऐन गणपतीत. मला जीव की प्राण आहे हे झाड. पण माझं पहिलं गेलं, बांधकामाच्या वेळी दाबून भरलेल्या चिकणमातीत लावलं होतं, उपटून बघितलं तर मुळं काळी पडलेली आणि बोटाने नुसतं ओढलं तरी साल सुटून हातात येत होती. म्हणून आधी फूटभर खड्डा करून पाण्याने भरा, जिरलं की परत भरा, दुसऱ्या दिवशी सकाळीपण पाणी दिसलं तर फ्रँकलिनियाचा नाद सोडा.

अशा वेळी माझं मत सरळ ओकलीफ हायड्रेंजियाला. तेही विल्यम बार्ट्रमनेच दक्षिणेत हिंडताना टिपलेलं. पाणी साचलेलं त्यालाही चालत नाही पण बाकी खूप सोसतं, अर्धी सावली चालते, सहा-आठ फूट होतं, पांढरे तुरे हळूहळू गुलाबी होतात, फॉलमध्ये पानं लालजांभळी आणि हिवाळ्यात सुटणारी सालपण बघण्यासारखी, म्हणजे बारा महिने काहीतरी आहेच. एकच भीती, हरणं! तुमच्या गल्लीत हरणं फिरत असतील तर पहिली दोन-तीन वर्षं जाळी लावाच.

लायलॅक युरोपातून आलेल्या लोकांनी आणलेलं, जॉर्ज वॉशिंग्टनने १७८५ मध्ये माउंट व्हर्ननला लावलेलं. मोगरा-पारिजातकाच्याच कुळातलं आहे त्यामुळे वासाबद्दल वेगळं सांगायला नको, आणि हरणं सहसा तोंड लावत नाहीत. पण सहा तास ऊन पाहिजे, आंबट (आम्लधर्मी) माती आवडत नाही, दोन-तीन आठवडे फुललं की संपलं आणि पावसाळी उन्हाळ्यात पानांवर पांढरी भुकटी येते. ह्यूस्टनवाल्यांनी विचारही करू नये, त्याला कडक थंडी लागते.

झुडपांच्या खाली लावायला बी बाम (bee balm) नावाचं फुलझाड घ्या, जॉन बार्ट्रमने न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगोहून त्याच्या बिया पाठवल्या होत्या, त्याला ऑस्वेगो टीपण म्हणतात. पान चुरगाळलं की पुदिना आणि लिंबाच्या सालीचा मिळून वास येतो. पुदिन्यासारखंच पसरतं मात्र, दर दोन-तीन वर्षांनी उपटून विरळ करावं लागतं.

आणि लॉन कापणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, लायलॅक आणि ओकलीफ दोन्ही मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलतात, छाटायचं ते फुलं संपल्या संपल्या, फॉलमध्ये कात्री लावली की पुढच्या वर्षीचा बहर गेला. तरी ठरत नसेल तर ऑगस्टच्या शेवटी फिलाडेल्फियात बार्ट्रम्स गार्डनला जाऊन या, बागेत फिरायला पैसे पडत नाहीत, फ्रँकलिनिया तिथे फुललेलं बघायला मिळेल.