एम.ए.च्या प्रकल्पासाठी सरकारी डेटा आणि ग्रंथालयं: काही महिने वापरल्यावर

माझा विषय होता ग्रामीण महाराष्ट्रातल्या स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण. त्यासाठी जे जे वापरलं त्याबद्दल लिहिते आहे, कारण दरवर्षी जूनमध्ये कुणीतरी ज्युनिअर विचारतंच, ‘ताई, डेटा कुठून आणलास?’

डेटा मिळत नाही ही तक्रार निदान या विषयापुरती आता खरी नाही. पीएलएफएसची, म्हणजे श्रमबल सर्वेक्षणाची, एकेका व्यक्तीची ओळ असलेली मूळ फाइल सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी केली की फुकट उतरवता येते. वेळ जातो तो पुढे. फाइल उघडली की नुसती आकड्यांची भिंत दिसते. कुठल्या अंकापासून कुठल्या अंकापर्यंत वय आणि कुठून शिक्षण, हे सोबतच्या लेआउटच्या एक्सेलमध्ये असतं. प्रत्येक ओळीला गुणक, म्हणजे ती एक व्यक्ती किती जणांच्या वतीने धरायची तो आकडा, लावावा लागतो. मी वापरलेल्या वर्षांच्या फायलींत नियम असा आहे: एनएसएस आणि एनएससी हे दोन रकाने सारखे असतील तर गुणक भागिले १००, नसतील तर भागिले २००, आणि वर्षभराचा अंदाज हवा असेल तर आणखी चार तिमाहींनी भागायचं. हे सगळं फाइलसोबतच्या त्या रटाळ वाटणाऱ्या रीडमीत (माहितीपत्रकात) लिहिलेलं असतं. गुणक न लावता काढलेली टक्केवारी फक्त नमुन्याची असते, महाराष्ट्राची नाही.

आमच्या सरांनी सांगितलेली एक युक्ती मला सगळ्यात उपयोगी पडली. स्वतःचा आकडा काढण्याआधी छापील अहवालातला एखादा आकडा आपल्या कोडमधून काढून बघायचा. १५ वर्षं आणि त्यावरच्या स्त्रियांचा देशपातळीवरचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के आणि २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के आहे. हे दोन्ही जुळले की पुढे जायचं. मी आर हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं, कारण स्टाटा या विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आमच्या कॉलेजात नाही. काही अडलं नाही.

आता २३ वरून ४१ ही उडी बघून कुणालाही लेख लिहावासा वाटेल. थांबा. आधी कामाचे कोड वाचा. घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणारी बाई २१ मध्ये जाते आणि कामगार ठरते. फक्त घरकाम करणारी ९२ मध्ये जाते. घरकाम करून सरपण, चारा गोळा करणारी किंवा घरच्यांसाठी शिवणकाम करणारी ९३ मध्ये जाते आणि श्रमबलाबाहेर राहते. आमच्याकडच्या कितीतरी बायका एकाच दिवसात हे तिन्ही करतात. कोण कुठे पडणार, हे बरंचसं प्रश्न कसा विचारला आणि उत्तर घरातल्या कोणी दिलं यावर ठरतं. वाढीचा मोठा भाग स्वयंरोजगार आणि बिनपगारी मदत यांतला आहे, हे मूळ फाइल फोडल्यावर स्वच्छ दिसतं. मथळ्यांत दिसत नाही.

हे नवं नाही, हे मला ग्रंथालयात कळलं. १९६१ आणि १९७१ च्या जनगणनेचे जाडजूड खंड शेजारीशेजारी ठेवले तर दहा वर्षांत बायकांनी काम सोडलं असं वाटतं. प्रत्यक्षात १९७१ ला मुख्य काम कोणतं हे विचारलं, आणि घर सांभाळणं हे मुख्य म्हणून सांगणाऱ्या असंख्य शेतकरी बायका गळाल्या. १९८१ पासून मुख्य आणि सीमांत (वर्षातला कमी काळ काम करणारे) कामगार असे दोन गट आले ते त्यामुळेच. जुने तक्ते जनगणनेच्या संकेतस्थळावरही आहेत, पण व्याख्या आणि तळटीपा वाचायला छापील खंडच बरा. पुण्यात गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय अशा कामासाठी उत्तम. त्यांच्या डिजिटल भांडारात जुनी दुर्मीळ पुस्तकं घरबसल्या वाचता येतात. कुठल्याही मोठ्या ग्रंथालयात जाताना कॉलेजचं पत्र घेऊन आणि आधी फोन करून जावं. एका ठिकाणी (नाव नको) झेरॉक्सवाले काका जेवायला गेले म्हणून माझी अख्खी दुपार गेली.

जिल्ह्याचा आकडा हवा असणाऱ्यांची निराशा होईल. २०२५ च्या आधीच्या पीएलएफएसमध्ये महाराष्ट्राचे सहा विभाग मिळतात, आणि बीड किंवा जालना वेगळा काढला तर नमुना इतका लहान पडतो की तो आकडा छापण्यालायक राहत नाही. मी मराठवाड्यावर थांबले. जिल्ह्याची पार्श्वभूमी लिहायला अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन चालतं. राज्याची आर्थिक पाहणी मराठीतही निघते. तिच्या तक्त्यांखालचा ‘आधार’ आवर्जून वाचा, मूळ स्रोत तिथेच सापडतो. राज्याराज्यांची तुलना करायची असेल तर रिझर्व्ह बँकेचं राज्यांवरचं हँडबुक. तक्ते थेट एक्सेलमध्ये मिळतात, डोकेदुखी नाही.

लेखांसाठी जेस्टोर या संशोधन-लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत खातं काढा, महिन्याला १०० पर्यंत लेख ऑनलाइन वाचता येतात, आणि ईपीडब्ल्यूचे (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) जुने अंकही तिथे आहेत. संशोधन-नियतकालिकं वाचायला देणारी सरकारी योजना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ २०२५ पासून आली, पण ती सरकारी संस्थांसाठी. खासगी कॉलेजातल्यांनी तिच्या भरवशावर राहू नये. शोधगंगेवरचे प्रबंध मी संदर्भसूची आणि प्रश्नावली बघण्यापुरते वापरले. दर्जा इतका खालीवर आहे की निष्कर्ष उचलायची हिंमत झाली नाही.

यंदा सुरुवात करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. जानेवारी २०२५ पासून पीएलएफएसची रचना बदलली आहे. पाहणीतली कुटुंबं साधारण १.०२ लाखांवरून २.७२ लाखांवर गेली, वर्ष जुलै-जूनऐवजी जानेवारी-डिसेंबर झालं आणि नमुना निवडताना जिल्हा हा पाया धरला आहे. जिल्ह्यावर काम करणाऱ्यांची सोय वाढेल, पण २०१७ पासूनची रेघ ओढून ती सरळ २०२५ ला जोडू नका. गाइड पहिला प्रश्न तोच विचारतील.