बॅटरीवरचा टॅकर: मालवणच्या हवेत एक पावसाळा काढल्यावर

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, टॅकरमध्ये, म्हणजे लाकडी चौकटीवर रेक्झिन पिनांनी ठोकायच्या मशीनमध्ये, पाणी गेलंय, म्हणून वॉरंटी नाही. पाणी जाणार कुठून? मशीन कपाटात, कपाट घरात, घर मालवणात. इथली हवाच खारट, तिला मी काय करू? चार्जिंगच्या भोकाला झाकण नाही, आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला आणि ऐन गणपतीच्या तोंडावर चार्जिंग बंद पडलं. या भोकाबद्दल मी पुन्हा बोलणार आहे, तयारीत राहा.

मी कुशनचं काम करते. तारकर्लीच्या होमस्टेंच्या खुर्च्या, स्कूबाच्या बोटींच्या सीटा, गावातल्या जुन्या सोफ्यांचं रेक्झिन. आधी हाताने दाबायचा लोखंडी टॅकर होता. त्याची मूठ माझ्या हाताला रुंद, त्यामुळे जोर तळव्याचा लागायच्या ऐवजी बोटांच्या टोकांचा लागतो, आणि नेमकी सुटायच्या आधी स्प्रिंग सर्वांत जड होते. त्यात दाबायचं मागच्या बाजूला, म्हणजे पिन सुटताना नाक, जिथून पिन बाहेर पडते ते टोक, पुढून उचलतं. ते खाली धरायला दुसरा हात हवा. संध्याकाळी अंगठ्याच्या बुडाशी असा ठणका की भाकरी थापता येईना. डॉक्टर म्हणाले, सांधा झिजतोय, मूठ आवळायची कामं कमी करा. फी घेऊन सांगितलं.

हवेवर चालणारी गन हाताला सगळ्यात सोपी, यात वाद नाही. घोडा नुसता टेकवला की पिन आत. पण कॉम्प्रेसर आला, त्याची धडधड आली, आणि आपल्याकडच्या दमट हवेत टाकीत पाणी साचतं ते रोज सोडायचं आलं. वायरवाला घ्यावा तर पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि बोटीवर प्लग कुठे शोधू? म्हणून ३.६ व्होल्टचा बॅटरीवाला घेतला. धक्क्यावर पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हा बोटवाले काका म्हणाले, "काय गो, खेळण्यातली बंदूक घेऊन सीट शिवतलंस?"

सुरुवातीला मलाही तसंच वाटलं. जुन्या सागवानी चौकटीत १० मिमीची पिन पूर्ण बसेना, पाठ वर राहायची आणि मग हातोडी घ्यायची. पैसे पाण्यात गेले, असं घरात बोलूनही झालं. पुढे लक्षात आलं की बॅटरी अर्ध्यावर आली की ठोका मवाळ होतो, दिवा मात्र हिरवाच राहतो. आता सागाचं काम असलं की पूर्ण चार्ज करूनच बसते आणि ८ मिमीची पिन भरते. प्लाय आणि आंब्याच्या लाकडात १० मिमी विनातक्रार जाते. मत बदललं ते इथे. रेक्झिन डाव्या हाताने ताणून धरायचं, उजव्याने नाक टेकवून घोडा दाबायचा. नाक दाबलं गेल्याशिवाय पिन सुटतच नाही, ते बरंच आहे. अंगठ्याला काम जवळपास नाही. फक्त वजन. सोफ्याच्या पाठीला आडवा धरून मारायचा असेल तर मनगट भरून येतं. मी आता सोफाच आडवा पाडते.

तरी ठणका पूर्ण गेला नाही, तेव्हा बारकाईने पाहिलं. निम्मं दुखणं पिना मारण्याचं नव्हतंच, जुन्या काढण्याचं होतं! पक्कड आवळून, पिळून एकेक ओढायची, म्हणजे पुन्हा तीच मूठ. रुंद लाकडी मुठीचा, चपट्या वाकड्या टोकाचा पिन-उपटणी स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक पिनेखाली सारायचं आणि मूठ खाली झुकवायची, आवळायचं काही नाही. महागड्या मशीनइतकाच आराम या स्वस्तातल्या वस्तूने दिला. आधी हा घ्या, मग टॅकरचा विचार करा. वर्षातून एकदा पडवीला पावसाळी प्लास्टिक ठोकण्यापुरतंच काम असेल तर पुढच्या टोकाशी दाबायचा हातटॅकर मिळतो, जोर पिनेच्या वरच पडतो, नाक उचलत नाही. त्यात भागेल.

आता ते भोक. या मशीनला खोक्यावर सोनेरी अक्षरं आहेत, पट्ट्याला अडकवायची कडी आहे, कोणी न मागितलेला दिवा आहे, आणि दोन रुपयांचं रबर नाही. कुरिअरने कोल्हापूरला पाठवलं, खर्च माझा. तिथल्या साहेबांनी फोटो पाठवून 'लिक्विड डॅमेज' असं कळवलं. मी विचारलं, लिक्विड कुठलं? उत्तर नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवलीय, तिचं होईल ते होवो. मशीन तसंच परत आलं. बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराने तिथल्या तिथे भोक बदलून दिलं, दीडशे रुपये घेतले आणि वर विचारलं, "झाकण का नाय ह्येका?" सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मीच बसवलाय. दिसायला भिकार, पण एक थेंब खार आत जात नाही.

पिनांचं एक सांगायचं राहिलं. यात ५३ नंबरची बारीक तारेची पिन लागते, ११.४ मिमी रुंद. आपल्याकडच्या हार्डवेअरवाल्याकडे सोफेवाल्यांची ८० सिरीजच सर्रास मिळते, ती रुंद, यात शिरतच नाही. दुकानदार "चालतली, घेवन जा" म्हणाला तरी घेऊ नका, अडकली की नाक उघडून काढताना नखं जातात. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पिना घरातल्या सोफ्याला ठीक. बोटीच्या सीटला पांढऱ्या रेक्झिनवर गंजाचे ओघळ उतरले आणि गिऱ्हाईक दारात आलं. तेव्हापासून बोटींना फक्त स्टेनलेस, ऑनलाइन मागवून. महाग पडतात, त्या गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळ्या लावते.