खाचेतले पेलेट की डब्यातले? १० मीटर एअर रायफलसाठी खरेदी करण्याआधी

क्लबची रायफल सोडून पोरगं स्वतःच्या मॅच रायफलवर आलं, की पहिल्याच महिन्यात पेलेटचा, म्हणजे शिशाच्या बारीक गोळीचा, प्रश्न येतो. विक्रेता दोन गोष्टी पुढे ठेवतो. एक, ५०० नगांचा गोल पत्र्याचा डबा. दोन, प्रत्येक पेलेट आपापल्या खाचेत बसवलेली सपाट पेटी. दोन्हींत वजन साधारण ०.५३ ग्रॅम, डोकं सपाट, हेडचा, म्हणजे डोक्याचा, व्यास ४.४९ किंवा ४.५० मिमी. फरक भावाचा. पेटीतला पेलेट नगामागे बराच महाग पडतो.

कोल्हापूरचं नेमबाजीतलं नाव मोठं झालं ते ५० आणि २५ मीटरवर. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून) विश्वविजेती झाली, राही सरनोबत २५ मीटर पिस्तुलात चमकली, आणि २०२४ मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं) ब्राँझ घेतलं. पण कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर असो की आणखी कुठे, बहुतेकांची सुरुवात १० मीटरवरच होते आणि घरच्यांच्या खिशाला पेलेटची चाट बसते तीही तिथेच.

आधी पेलेटच्या हातात किती आहे ते बघू. गुण दशांशात मोजतात. मधल्या दहाच्या १०.० ते १०.९ या दहा पायऱ्या आहेत आणि एकेक पायरी पाव मिलिमीटरची. दर गोळीला एक दशांश गेला तर मॅचच्या ६० गोळ्यांत ६ गुण जातात. फायनलमध्ये जाणं आणि घरी परतणं यांत एवढंही अंतर नसतं. म्हणून पेलेटकडे लक्ष द्यायलाच हवं, पण ते योग्य जागी.

पेटीची बाजू सरळ आहे. शिसं मऊ, आणि स्कर्टची, म्हणजे पेलेटच्या मागच्या पोकळ भागाची, कड त्यातही पातळ. डब्यात पाचशे पेलेट एकमेकांवर आपटत कुरियरनं येतात, मग रेंजपर्यंत ॲक्टिव्हाच्या डिकीत खडखडतात. कड एका बाजूनं चेपली की पेलेट नळीतून बाहेर पडताना मागची हवा त्या बाजूनं आधी निसटते आणि पेलेटला किंचित धक्का बसतो. असा पेलेट ग्रुप, म्हणजे बाकीच्या भोकांचा पुंजका, सोडून एकटाच बाजूला जातो. बारीक खळगा नळीच्या खोबणीत शिरताना बऱ्याचदा सरळ होतो. कड आत दुमडलेली असेल तर मात्र होत नाही. पेटीत हा त्रास जवळजवळ नसतोच.

डब्यावर यालाही उपाय आहे, आणि तो फुकट आहे. पेलेट मुठीनं काढू नका, बोटं खुपसू नका. झाकणात पातळ स्पंज ठेवा, त्यावर तीसचाळीस पेलेट हलकेच ओता, उजेडासमोर स्कर्टकडून बघा. कड गोल नसेल, आत शिशाची बारीक पापडी अडकली असेल, तर तो पेलेट सरावाच्या डबीत टाका. मॅचसाठी शंभर निवडायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. डबा अर्धा झाला की रिकाम्या जागेत स्पंजची चकती दाबून बसवा. वाहतुकीतलं बरंच नुकसान या चकतीनं थांबतं, आणि तेवढंच कुणी करत नाही.

आता वजन. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनाराचा मिलिग्रॅमचा काटा सहज मिळतो, म्हणून काही पालक रात्र-रात्र पेलेट तोलत बसतात. हिशोब करून बघा. पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं निघतो आणि १० मीटरवर जाईपर्यंत साधारण १७ मिलिमीटर खाली येतो. वजन एक टक्का, म्हणजे पाच मिलिग्रॅम इकडे-तिकडे झालं तर हे खाली येणं बदलतं सुमारे ०.१७ मिमी. एक पायरीसुद्धा नाही. चांगल्या डब्यात बहुतेक पेलेट त्याहून जवळ असतात. एखादा फारच हलका किंवा जड सापडला तर काढून टाका, बाकी काटा सोनारालाच शोभतो.

त्यापेक्षा काचेवर घरंगळवणं जास्त सांगतं. स्कर्ट हेडपेक्षा रुंद असल्यानं पेलेट सरळ न जाता वळसा घेतो. थोड्या तिरक्या काचेवर एकाच रेघेवरून सोडा. बहुतेक एकाच जागी जाऊन थांबतील. जो वेगळा वळतो त्याच्या हेडचं किंवा स्कर्टचं माप वेगळं, जो डुगडुगतो तो गोल नाही. मायक्रोमीटरनं हेड मोजायला जाऊ नका. जबडे नुसते टेकले तरी शिसं दबतं, आणि आपण तर मिलिमीटरचा शंभरावा भाग शोधतोय.

इथवर पेटी थोडी पुढेच आहे, हे मान्य. पारडं फिरतं ते लॉटपाशी, म्हणजे कारखान्यात एका वेळी निघालेल्या खेपेपाशी.

लेबलवरचं ४.५० हे साच्याचं नाममात्र माप. साचा झिजतो, बदलला जातो, शिशाचा घाणा बदलतो. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे बसू शकतात. उलट एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना दोन निराळे लॉट आवडतात. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी, या तिन्ही कंपन्यांचे पेलेट जगभर मॅचला वापरतात. नावावरून निवड होत नाही, नळी सांगेल तो लॉट खरा. म्हणजे चाचणीत पास झालेला लॉट भरपूर मिळाला तरच चाचणीला अर्थ.

आणि खाचेतल्या पेट्यांची नेमकी हीच कटकट आहे. आपल्याकडे त्या थोड्या येतात, तुटक येतात. या महिन्याच्या दोन पेट्यांवर एक लॉट, पुढच्या महिन्याच्या पेटीवर दुसरा. विक्रेत्याला लॉट विचारला तर बहुधा उत्तर येतं, ‘माप तेच आहे हो.’ मग स्पर्धेच्या दिवशी महागडी पेटी उघडायची आणि सायटरमध्ये, म्हणजे मॅचआधीच्या न मोजल्या जाणाऱ्या गोळ्यांत, कळायचं की ग्रुप नेहमीच्या जागेहून साइटच्या डायलचे दोन क्लिक डावीकडे पडतोय, किंवा नीट जमतच नाहीये. सायटरचा वेळ असतो तो वारा-उजेड बघायला नव्हे, तर स्वतःचं शरीर स्थिर करायला. तो डायल फिरवण्यात जातो. पोराला वाटतं ट्रिगर बिघडला. एका मॅचला सायटर धरून ऐंशीच्या घरात पेलेट लागतात, म्हणजे पेटी एकदोन मॅचमध्येच संपते. दर वेळी नव्यानं चाचणी करायची तर निम्मी पेटी चाचणीतच जाते.

डब्यांचं गणित वेगळं. एकाच लॉटचे दहा डबे म्हणजे पाच हजार पेलेट. आठवड्याला पाचशे धरले तर दहा आठवडे सराव आणि मॅच एकाच लॉटवर. झिरो, म्हणजे साइटची बसवलेली जागा, हलत नाही, डोक्यात शंका राहत नाही. माझा कल इकडेच आहे, हे लपवत नाही.

चाचणी अशी करा. रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पकडून मारणं उत्तम. पकड ॲक्शनवर (मधल्या यंत्रणेवर) किंवा स्टॉकवर (दस्त्यावर), नळीवर कधीच नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये एखादा फिटर असा व्हाइस करून देईल. नाहीतर टेबलावर वाळूच्या दोन पिशव्यांवर टेकून मारा, फक्त प्रत्येक लॉटला टेकण्याची जागा तीच ठेवा. आधी फेल्टच्या बोळ्यानं नळी पुसा. लॉट बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्या. रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाबही सगळ्या लॉटला जवळपास सारखा हवा. भरलेल्या सिलिंडरवर एक लॉट आणि संपत आलेल्यावर दुसरा, असं केलं तर तुम्ही हवेची तुलना कराल, पेलेटची नाही.

प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे तीन ग्रुप. पाच गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप कुठलाही लॉट काढून दाखवतो, त्याला भुलू नका. भोकाची बाहेरची कड ते बाहेरची कड कॅलिपरनं मोजा आणि ४.५ वजा करा. बाहेरून ६ मिमी आला तर केंद्रांमधलं अंतर १.५ मिमी. ग्रुप मधोमध बसवला तर गोळी सहसा १०.७ च्या खाली जाणार नाही. ७.५ मिमी आला तर तीच १०.४ पर्यंत घसरते, आणि त्यात नेमबाजाची चूक अजून धरलेलीच नाही. तिन्ही ग्रुप ६ च्या आसपास असतील तर तो लॉट घ्या. दोन छान आणि एकात गोळी लांब गेली, तर लगेच लॉट टाकू नका. निवडलेल्या पेलेटनं पुन्हा मारा. बऱ्याचदा दोष स्कर्टचाच निघतो.

जुलै-ऑगस्टमध्ये चाचणी शक्यतो टाळा. कोल्हापूरच्या पावसात कार्ड दमट होतं, भोकाची कड फाटते आणि कॅलिपर खोटं सांगतो. करायचीच तर कार्डं सिलिका जेलसोबत घट्ट डब्यात ठेवा. पेलेटच्या डब्यालाही तेच. झाकणाच्या सांध्यावर टेप लावा, नाहीतर शिशावर पांढरी भुकटी धरते. तांदूळ घालू नका, त्याची धूळ स्कर्टमध्ये बसते. तेलही लावू नका, कारखान्याचा पातळ थर असतो तेवढा पुरे. आणि पेलेट तोंडात धरायची सवय कुणाला असेल तर आजच मोडा. शिसं आहे ते. सराव संपला की साबणानं हात धुऊनच जेवणाचा डबा उघडायचा.

पेटी अगदीच नको असंही नाही. वर्षाला दोनतीनच स्पर्धा खेळणारं, क्लबचीच रायफल वापरणारं पोर असेल तर दहा डबे घेण्यात अर्थ नाही. त्यानं पेटी घ्यावी, पण दोन एकाच लॉटच्या. एक चाचणीला, एक स्पर्धेला.

डबे मागवताना आधी तीन-चार लॉटचा एकेक डबा मागवा. पास झालेल्या डब्याच्या लेबलवरच्या लॉट नंबरचा फोटो विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि पैसे भरण्याआधी त्याच्याकडच्या डब्यांच्या नंबरचा फोटो परत मागा. नुसत्या तोंडी ‘तोच आहे’वर जाऊ नका. चाचणीत दोन लॉट बरोबरीत आले, तर ज्याचे डबे त्याच्याकडे जास्त शिल्लक आहेत तो घ्या.