दाबून सोडल्यावर गाडी किती वेळा हलते? उद्यमनगरात करून घेतलेल्या शॉकअब्सॉर्बर बदलाचा अनुभव

आमच्या हॅचबॅकचे चारही शॉकअब्सॉर्बर बदलून आता तीन महिने झाले. काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लहान वर्कशॉपमध्ये करून घेतले. नवा भाग बसवल्यावर पहिला आठवडाभर गाडी प्रत्येकालाच बरी वाटते, म्हणून मत लगेच नोंदवले नाही. आंबा घाटातून रत्नागिरीला दोन फेऱ्या झाल्या, त्यांपैकी एक पाच माणसे आणि गच्च भरलेल्या डिकीसह, आणि गावातला रोजचा प्रवासही झाला; त्यानंतरच हे लिहीत आहे.

८२,००० किलोमीटर धावलेल्या या गाडीची तक्रार अशी होती की, गतिरोधकावरून उतरल्यावर मागची बाजू तीन-चार वेळा खालीवर होई आणि मागे बसणाऱ्या आईला घाटात मळमळू लागे. आधी जिथे गाडी दाखवली तिथे स्प्रिंगही बदलण्याचा सल्ला मिळाला होता, पण तो मला पटला नाही. स्प्रिंग बसली असती तर उभ्या गाडीची त्या बाजूची उंची कमी दिसली असती, आणि ती मऊ झाली असती तर एका दोलनाला लागणारा वेळ वाढला असता. दोलन सुरू झाल्यावर ते वेळेत न थांबणे हा स्प्रिंगचा दोष नव्हे. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. त्या ऊर्जेची उष्णता करून ती संपवण्याचे काम शॉकअब्सॉर्बरमधल्या तेलाचे आहे.

हे मोजून पाहण्याइतकी सोय आज प्रत्येकाच्या खिशात आहे. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाने तयार केलेले फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप मोबाइलमधील त्वरणमापकाची नोंद आलेखात दाखवते. मोबाइल डिकीच्या तळावर घट्ट चिकटवला, गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून एकदम सोडला आणि असे दहा वेळा केले. जुन्या शॉकवर एका दोलनाला ०.६७ सेकंद लागत होते आणि प्रत्येक शिखर आधीच्या शिखराच्या साधारण ५५ टक्के उंचीचे होते. या घटीवरून अवमंदन गुणोत्तर, म्हणजे दोलन किती लवकर विरते याचे माप, काढता येते. ते सुमारे ०.०९ आले. हे गुणोत्तर १ असेल तर त्याला क्रांतिक अवमंदन म्हणतात, म्हणजे गाडी एकदाही पलीकडे न झुलता मूळ जागी येईल. प्रवासी गाड्यांत ते मुद्दाम ०.२ ते ०.४ च्या आसपास ठेवतात. नवे शॉक बसवल्यावर त्याच जागी, त्याच पद्धतीने पुढचे शिखर आधीच्या जेमतेम १५ टक्के उरले, म्हणजे गुणोत्तर ०.२९ झाले. दोलनकाल ०.७० सेकंद झाला आणि केवळ अवमंदन वाढल्याने तो जितका वाढायला हवा तितकाच वाढला. स्प्रिंग मात्र त्याच जुन्या होत्या. त्यांच्यावर खर्च केला नाही याचे समाधान आहे.

वर्कशॉपबद्दल आदर वाटला तो काही बारीक गोष्टींमुळे. नवा शॉक खोक्यातून काढून थेट बसवला नाही. तो उभा धरून दांडा पूर्ण दाबून आणि पूर्ण ताणून चार-पाच वेळा चालवला, कारण गोदामात आडव्या पडलेल्या दुहेरी नळीच्या शॉकमध्ये आतल्या नळीत हवा शिरलेली असू शकते आणि ती निघाल्याशिवाय पिस्टनला सलग तेल मिळत नाही. शॉक चारही एकदम बदलले. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असे ठेवायला मिस्त्रींनी स्पष्ट नकार दिला. पुढच्या स्ट्रटची (शॉक आणि स्प्रिंगच्या एकत्र जोडाची) स्प्रिंग दाबताना दोन्ही बाजूंना योग्य साधन लावले होते. रबरी बुश (सांध्यातली रबराची नळी) असलेले बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते अडकवून ठेवले आणि गाडी चाकांवर उभी राहिल्यावर आवळले. हवेत लोंबकळलेल्या अवस्थेत ते आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. ही काळजी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

आता शॉकविषयी. कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला हा प्रकार आहे. सतत हादऱ्यांनी तेलाचा फेस होऊ नये यासाठी तो वायू असतो, आणि फेस झालेले तेल अवमंदन करू शकत नाही. आंबा घाटाच्या वळणांवर, उतारावर आणि ब्रेक लावताना फरक ठळक आहे. गाडी एकदा झुकते आणि स्थिरावते. भरलेल्या गाडीत तो अधिक जाणवला, त्यालाही कारण आहे. शॉक आणि स्प्रिंग तेच राहून वजन वाढले की अवमंदन गुणोत्तर वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. मागच्या चाकांवरचा भार दीडपट झाला तर ते सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. ०.२९ चे ०.२४ झाले तरी निभावते, पण आधीच ०.०९ वर आलेल्या शॉकमधून आणखी घट झाली की गाडी अक्षरशः होडीसारखी डुलते. आईचा त्रास या फेरीत झाला नाही, आणि माझ्या दृष्टीने या खर्चाचे सर्वांत मोठे मोल तेच आहे.

एक उणीव मान्य केली पाहिजे. बारीक खडबडीत रस्त्यावर, विशेषतः पेव्हर ब्लॉकवर, गाडी पूर्वीपेक्षा किंचित कडक वाटते. हा शॉकचा दोष म्हणता येणार नाही. गाडीच्या नैसर्गिक वारंवारतेच्या (दाबून सोडल्यावर ती सेकंदाला जितकी दोलने करते त्याच्या) साधारण १.४ पटीपर्यंत, म्हणजे येथे सेकंदाला सुमारे दोन दोलनांपर्यंत, अवमंदन हादरा कमी करते. त्याहून जलद हादऱ्यांत जास्त अवमंदन म्हणजे रस्त्याची अधिक थरथर आत पोहोचणे. मात्र सेकंदाला १० ते १५ कंपनांच्या पट्ट्यात चाक स्वतःच उसळू लागते, आणि तिथे टायर जमिनीला धरून ठेवायला तेच अवमंदन लागते. आरामासाठी ते कमी करण्याचा मोह म्हणूनच धोक्याचा आहे.

हाताने दाबून पाहण्याच्या चाचणीलाही मर्यादा आहे. तीन सेंटिमीटर दाबून सोडलेल्या कोपऱ्याचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटरच्याही आत राहतो, तर मोठ्या खड्ड्यात शॉकचा दांडा एक मीटरहून अधिक वेगाने सरकू शकतो आणि तेव्हा आतल्या वेगळ्या झडपा उघडतात. माझे आकडे फक्त कमी वेगाच्या हालचालीची साक्ष देतात. खड्ड्यांवरचा निर्णय तीन महिन्यांच्या वापरावर दिला आहे, आणि एकदाही शॉक तळाला आपटल्याचा आवाज आलेला नाही.

वर्कशॉपकडून एक गोष्ट राहिली. मागच्या उजव्या शॉकवरचे रबरी बफर फाटलेले होते आणि ते न विचारता तसेच बसवले; दुसऱ्या दिवशी मी दाखवल्यावर मजुरी न घेता बदलून दिले. पुढचे स्ट्रट सोडल्यानंतर व्हील अलाइनमेंट करावीच लागते, पण त्याचे यंत्र तेथे नाही, त्यामुळे अर्धा दिवस आणखी एका दुकानात गेला. गाडी टाकण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात.