विज्ञान दिनाला टेबलावर काय मांडावं? निळी बाटली, आयोडीनचं घड्याळ, फेस आणि काचेतली बाग

२८ फेब्रुवारी जवळ आली आणि रसायनशास्त्राचं टेबल कुणाच्या तरी गळ्यात पडलं की पहिलं नाव निघतं ते 'हत्तीच्या टूथपेस्ट'चं. फेस उसळतो, पोरं ओरडतात आणि पंधरा सेकंदांत खेळ खलास. मागच्या रांगेला दिसतात पुढच्यांच्या पाठी, आणि पुढची तुकडी दारात येऊन उभी असते. म्हणून 'किती भारी दिसतं' याच्या आधी दोन प्रश्न सोडवा. बघणारे एकदाच बसणार आहेत की दिवसभर येत-जात राहणार? आणि एक फेरी संपली की दुसरी उभी करायला किती वेळ लागतो?

येणाऱ्या-जाणाऱ्या गर्दीसाठी निळ्या बाटलीला तोड नाही. मंचावर दहा मिनिटं मिळणार असतील तर आयोडीनचं घड्याळ. फेस शेवटी एकदाच करावा, आणि कोपऱ्यात सकाळपासून बाग वाढत ठेवावी.

| प्रयोग | पाहण्यासारखा वेळ | पुन्हा करायला | सामान कुठे मिळतं |
|---|---|---|---|
| निळी बाटली | दिवसभर | फक्त हलवायची | केमिकलचं दुकान, मेडिकल, मत्स्यालयाचं दुकान |
| आयोडीनचं घड्याळ | अर्धं ते एक मिनिट | त्याच ग्लासात १ मिली द्रावण | मेडिकल, किराणा |
| फेस | १०–२० सेकंद | सगळं नव्याने, शिवाय धुणं | मेडिकल, बेकरीच्या सामानाचं दुकान |
| काचेतली बाग | तासभर, मग नुसती शोभा | नवं भांडं | केमिकलचं दुकान, कृषी सेवा केंद्र |

निळी बाटली

एक लिटरची काचेची बाटली किंवा शंकुपात्र घ्या. ३०० मिली पाण्यात ६ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. द्रावण तापतं, ते थंड होऊ द्या आणि मगच १० ग्रॅम ग्लुकोज घाला. गरम अल्कलीत ग्लुकोज लगेच तपकिरी पडायला लागतं आणि दुपारपर्यंत टिकायची बाटली अकरालाच चहासारखी दिसते. ग्लुकोज साधं, बिनचवीचं घ्यावं. संत्र्याच्या चवीच्या पावडरीत रंग आणि आम्लं असतात.

आता मेथिलिन ब्लू. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात औषध म्हणून मिळतं. १ टक्क्याचं असेल तर दहा थेंब पुरतात. इथे हात सैल सुटतो, कारण रंग गडद असला की बरं वाटतं. पण मग तो उतरायला इतका वेळ लागतो की मुलं कंटाळून पुढच्या टेबलाकडे जातात.

बूच लावून हलवली की बाटली निळी होते, टेबलावर ठेवली की पाण्यासारखी. ग्लुकोज रंगाचं क्षपण करून त्याला बिनरंगी करतं; हलवल्यावर हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो आणि रंग परत आणतो. हे कारण तोंडी सांगायची गरजच पडत नाही, बाटली नीट पाहिली तर दिसतं. सगळं द्रावण स्वच्छ झालं तरी वर, जिथे ते हवेला टेकतं तिथे, एक बारीक निळी कड राहते. बाटलीला टिचकी मारा: त्या कडेतून निळे धागे खाली उतरतात आणि अर्ध्या वाटेत विरून जातात. पाचवीच्या मुलालाही मग विचारता येतं की निळेपणा वरूनच का येतो.

तक्रारी ठरलेल्या आहेत. बाटली निळी होईनाशी झाली की आतला ऑक्सिजन संपलेला असतो. बूच काढा, मिनिटभर उघडी ठेवा, पुन्हा लावा. म्हणूनच बाटली दोन तृतीयांश रिकामी हवी. प्लास्टिकची असेल तर ऑक्सिजन शोषला गेल्यामुळे तिचे गाल आत गेलेले दिसतात. घासकाचेचं बूच वापरू नका, अल्कलीत ते चिकटून बसतं. रबरी बूच बरं. थंड सकाळी रंग उतरायला फार वेळ लागला तर बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. संध्याकाळपर्यंत द्रावण पिवळट होणारच, ते थांबवता येत नाही; दुपारसाठी दुसरी बाटली भरावी.

मेथिलिन ब्लूच्या जागी इंडिगो कार्माइन घातलं की पिवळा, लाल, हिरवा असा सिग्नल मिळतो: हळू फिरवलं तर लाल, जोरात हलवलं तर हिरवा. दिसायला सरस, पण लवकर दमतो. खायचा निळा रंग घालून हा सिग्नल जमेल असं समजू नका. त्या डबीत बहुधा ब्रिलियंट ब्लू असतो.

कॉस्टिक सोडा डोळ्यात गेला तर खेळ राहत नाही. बाटली मुलांच्या हातात द्यायची असेल तर बूच तुमच्या अंगठ्याखाली आणि चष्मा त्यांच्या डोळ्यांवर.

आयोडीनचं घड्याळ

दोन स्वच्छ द्रावणं एकत्र ओततात. काहीच होत नाही. लोक तुमच्याकडे पाहायला लागतात, आणि तेवढ्यात सगळा ग्लास एका क्षणात शाईसारखा काळानिळा. १८८६ मध्ये हान्स लँडोल्टने हा प्रकार पहिल्यांदा मांडला. त्याची मूळ रसायनं वेगळी होती. खालची रीत मेडिकलच्या सामानाची आहे.

व्हिटॅमिन सी १ ग्रॅम, ६० मिली पाण्यात. चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या कुटून फडक्यातून गाळल्या तरी चालतं, फक्त नारिंगी झाक राहते. यातलं ५ मिली घ्या, त्यात २ टक्क्यांचं टिंक्चर आयोडीन ५ मिली आणि ६० मिली पाणी. तपकिरी रंग डोळ्यांदेखत जातो. हा 'अ' ग्लास. 'ब' ग्लासात ६० मिली पाणी, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड १५ मिली आणि अर्धा चमचा खळ. मेडिकलमध्ये पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. ते साडेसात मिली घेऊन तेवढंच पाणी मिसळा. खळीसाठी साबुदाणा उकळून त्याचं वरचं निवळ पाणी घ्यावं, किंवा १ ग्रॅम कॉर्नफ्लॉर १०० मिली पाण्यात उकळावं. अ आणि ब एकत्र करून दोनदा इकडून तिकडे ओता. २५ अंशांच्या आसपास साधारण पाऊण मिनिट लागतं, कोमट पाणी वापरलं तर त्याच्या निम्म्याहून कमी.

आत चाललेलं असतं ते असं: पेरॉक्साइड आयोडाइडपासून (आयोडीनचं बिनरंगी रूप) हळूहळू आयोडीन बनवतं, आणि शिल्लक व्हिटॅमिन सी ते बनल्या क्षणी परत आयोडाइड करून टाकतं. व्हिटॅमिन संपलं की आयोडीन मोकळं सुटतं आणि स्टार्चला धरतं.

ही शिल्लक किती बारीक असते ते मोजून बघण्यासारखं आहे. ५ मिली टिंक्चरमध्ये ०.३९ मिलिमोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) आयोडीन. ५ मिली व्हिटॅमिनच्या द्रावणात ०.४७ मिलिमोल. घड्याळ चालतं ते मधल्या ०.०८ वर. व्हिटॅमिन ५ ऐवजी ६ मिली पडलं तर शिल्लक दुपटीच्या वर जाते आणि वेळही तेवढाच लांबतो. ४ मिलीच पडलं तर तपकिरी रंग जातच नाही. चहाच्या चमच्याने मोजून हा प्रयोग फसतो तो इथे. सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज वापरा.

टिंक्चर न मिळाल्यास पोव्हिडोन आयोडीन आणलं जातं, आणि त्याच मापाने घातलं की ग्लास स्वच्छच राहतो. ५ टक्क्यांच्या बाटलीत वापरता येणारं आयोडीन जेमतेम अर्धा टक्का असतं. म्हणजे व्हिटॅमिन चौपट भारी पडतं, पेरॉक्साइडच्या कामाला लागणारं आयोडाइडही कमी, आणि मिनिटामागून मिनिट जातं. व्हिटॅमिन त्या प्रमाणात उतरवा आणि आदल्या दिवशी दोनदा करून पाहा. व्हिटॅमिनचं द्रावण मात्र त्याच दिवशी करायचं. हवेने ते मरत जातं आणि घड्याळ तासागणिक पुढे पळतं.

फेसापेक्षा हा प्रयोग मला सरळ वरचढ वाटतो तो एका सोयीमुळे: काळा झालेला ग्लास फेकायचा नाही. त्यात व्हिटॅमिनचं १ मिली द्रावण घाला, ढवळा. स्वच्छ! आणि थोड्या वेळाने पुन्हा काळा. पेरॉक्साइड भरपूर उरलेलं असतं, त्यामुळे एकाच ग्लासात बऱ्याच फेऱ्या निघतात. शेवटी कुटलेली अर्धी गोळी टाकून रंग घालवा आणि भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. टेबलावरचे, बोटांवरचे आयोडीनचे डाग त्याच द्रावणाने जातात.

फेस

व्हिडिओतला छताला लागणारा फेस ३० टक्क्यांच्या पेरॉक्साइडचा असतो. ते त्वचा जाळतं, शाळेच्या टेबलावर त्याचं काम नाही. मेडिकलमधलं ६ टक्क्यांचं म्हणजे '२० व्हॉल्यूम': एका मिलीतून २० मिली ऑक्सिजन. १०० मिली घेतलं तर सारा मिळून २ लिटर वायू, म्हणजे फेसाचा अंदाज तिथेच लागतो. अरुंद तोंडाची सॉसची बाटली पराती­त ठेवा. रुंद बरणीत तेवढाच फेस नुसता वर येऊन बसतो.

चमचाभर कोरडं यीस्ट तीन मोठे चमचे कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवा. पाणी बोट सहज ठेवता येईल इतपतच कोमट हवं. कढत पाण्यात यीस्टमधलं कॅटालेज (पेरॉक्साइड फोडणारं विकर) मरतं आणि फेस येत नाही. बाटलीत पेरॉक्साइड आणि मोठा चमचाभर भांडी घासायचं लिक्विड, मग यीस्ट एकदम ओता आणि हात मागे घ्या. खाण्याच्या रंगाचे थेंब बाटलीच्या गळ्यात आतून सोडले तर फेसावर पट्टे उमटतात.

फेस कमी आला की दोष बहुधा पेरॉक्साइडचा असतो, बाटली उघडून महिने झालेले असतात. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर थेंब टाका. फसफसला नाही तर नवी बाटली आणा. फेस गरम असतो (६ टक्क्यांनीही द्रावण हिशेबाने ४० अंशांनी चढू शकतं) आणि त्यात न फुटलेलं पेरॉक्साइड उरतं, म्हणून मुलांना त्यात हात घालू देऊ नका. त्याऐवजी धुमसती उदबत्ती फुटणाऱ्या बुडबुड्यांजवळ धरा. टोक लख्ख होतं, कधी पेट घेतं. ऑक्सिजन सुटला हे त्या उदबत्तीमुळे कळतं, नाहीतर मुलं साबणाचा फेस पाहून घरी जातात.

काचेतली बाग

१६४६ मध्ये ग्लाउबरने वर्णन केलेली ही बाग लावायला सोपी आणि धुवायला कटकटीची. एक भाग सोडियम सिलिकेटचं दाट द्रावण, चार भाग पाणी. ढवळून निवू द्या. त्यात क्षारांचे खडे सोडायचे. मोरचूद निळी, हिराकस हिरवट, झिंक आणि मॅग्नेशियम सल्फेट पांढरी, फेरिक क्लोराइड केशरी-तपकिरी. पहिली चार नावं कृषी सेवा केंद्रातच मिळतात. बोर्डो मिश्रण करणाऱ्या द्राक्षवाल्यांच्या गावात मोरचुदाला तोटा नाही. 'चिलेटेड' लिहिलेली पुडी मात्र नको, त्यातला धातू आधीच बांधलेला असतो.

खडा वाटाण्याच्या निम्मा असावा. भुकटी टाकली तर तळाला नुसता गाळ बसतो. खड्याभोवती धातूच्या सिलिकेटचं पातळ कातडं धरतं, त्यातून पाणी आत शिरतं, कातडं फुटतं, आतलं द्रावण वर उसळून पुन्हा कातडं धरतं, आणि कोंब चढत जातो. भांड्याला धक्का लागला की कोंब मोडतात, म्हणून जागा आधी ठरवा आणि खडे तिथेच सोडा. भांडं जुनं, फेकता येईल असं घ्या: सिलिकेट काचेवर वाळलं की निघत नाही.

कॉलेजसाठी

ब्रिग्ज–राउशर. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या गॅलिलिओ हायस्कूलच्या दोन शिक्षकांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेली ही अभिक्रिया बिनरंगी, पिवळी, गडद निळी अशी काही मिनिटं झोके घेत राहते. दिसायला या सगळ्यांची बाप. पण पोटॅशियम आयोडेट, मॅलोनिक आम्ल, मँगेनीज सल्फेट, सल्फ्युरिक आम्ल आणि ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड लागतं, शेवटी आयोडीनची वाफ सुटते, आणि ते मारायला सोडियम थायोसल्फेट हाताशी हवं. नळाचं पाणी वापरू नका. क्लोराइडने झोके मंदावतात किंवा थांबतात. प्रयोगशाळा आणि वाफा बाहेर ओढणारं कपाट (फ्यूम हूड) असेल तरच.

जे मांडू नये

अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी अजूनही प्रदर्शनांत दिसतो. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि हिरवी राख वर्गभर उडते. शिशाच्या नायट्रेटचा सोनेरी पाऊस सुंदर असतो, पण ते शिसं शेवटी ओतणार कुठे? दिवाळीतली नागगोळीही नको: पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये फटाक्यांचे सूक्ष्म कण मोजले, तेव्हा सगळ्यांत वर हीच इवलीशी गोळी निघाली.

आणि बशीत मेथॅनॉल ओतून रंगीत ज्वाळा कधीही नको. ज्वाळा विझली असं समजून बाटलीतून पुन्हा ओतायला गेलं की आग बाटलीत शिरते आणि समोरच्या रांगेवर झोत येतो. २०१४ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या एका शाळेत मेथॅनॉलच्या प्रयोगात असंच होऊन विद्यार्थी भाजले. रंग दाखवायचेच असतील तर आइस्क्रीमच्या काड्या क्षारांच्या दाट द्रावणात रात्रभर भिजवा आणि ओल्याच बर्नरच्या कडेला धरा. मोरचुदाची हिरवी, मिठाची पिवळी, स्ट्रॉन्शियम क्लोराइडची लाल. प्रत्येक क्षाराला वेगळी वाटी लागते, कारण मिठाचा एक कण जरी दुसरीकडे गेला तरी सगळ्याच ज्वाळा पिवळ्या दिसतात.