40 माणसांसाठी गार ओरिओ केक: बेक केलेला, चक्क्याचा की ट्रेमधला?

पुतणीचा वाढदिवस मे महिन्यातला. जेवायला 40 माणसं, पंगत अगाशीवर, आणि बडोद्याचा पारा दुपारी 42 ला टेकलेला. तिची फर्माईश दर वर्षी तीच: गार चॉकलेट केक, ओरिओवाला. तीन वर्षांत तो तीन तऱ्हांनी करून झालाय. तुम्हीही करणार असाल तर चवीचं नंतर बघा. आधी फ्रिजचा कप्पा मोजा आणि केक फ्रिजबाहेर किती वेळ राहणार ते ठरवा.

अंडं तिन्हींत नाही. शेजारी जैन कुटुंबं असल्यामुळे जिलेटिनही बाद, ते जनावरांच्या हाडाकातड्यापासून बनतं.

पहिल्या वर्षी बेक केला. गार खायच्या केकमध्ये लोणी घालू नका, तेल घाला. लोणी फ्रिजमध्ये घट्ट होतं आणि केक विटेसारखा लागतो. तेलाचा मऊ राहतो. 9 बाय 13 इंची ट्रेचे साधारण 24 तुकडे पडतात, म्हणजे 40 जणांना दोन ट्रे. ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, एका वेळी एकच मावतो. 170 अंशांवर प्रत्येकी 35 मिनिटं, म्हणजे मे महिन्यात स्वयंपाकघरात तासभराहून जास्त भट्टी. दिसायला मात्र हाच सगळ्यांत देखणा, सुरीने नीट कापता येतो.

अडचण वरच्या क्रीमची. पाकिटातलं नेहमीचं फ्रेश क्रीम 25 टक्के स्निग्धांशाचं असतं, ते कितीही फेटा, फुलत नाही. निदान 30 टक्क्यांच्या वरचं व्हिपिंग क्रीम हवं, आणि भांडं बर्फात ठेवून सकाळी लवकर फेटायला हवं. अमूलचं आणंद इथून 40 किलोमीटरवर, त्यामुळे क्रीम दुधाचंच हा माझा हट्ट. अगाशीवर पंधरा मिनिटांत त्या हट्टाचे ओघळ झाले. वनस्पती तेलाचं नॉन-डेअरी क्रीम उन्हाळ्यात जास्त वेळ उभं राहतं, पण टाळूला मेणासारखा थर बसतो. बेकरीतले लोक ते का वापरतात हे त्या रात्री कळलं.

दुसऱ्या वर्षी चक्का. खाली बिस्किटांचा चुरा आणि वितळलेलं लोणी दाबून बसवायचं, वर चक्का, चॉकलेट, थोडं फेटलेलं क्रीम, आणि सगळं चायना ग्रासवर सेट करायचं. 1 किलो दह्याचा साधारण 400 ग्रॅम चक्का होतो, त्यामुळे आदल्या रात्री नळाला फडकी टांगलेली. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होतं, जनावराचं त्यात काही नाही. आणि एकदा घट्ट झालं की 85 अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. अगाशीवर हा केक शेवटपर्यंत ताठ उभा होता.

पण चायना ग्रास 40 अंशांच्या खाली येताच गोठायला लागतं. मी त्याचं उकळतं मिश्रण फ्रिजमधून काढलेल्या चक्क्यात थेट ओतलं, आणि डावावर साबुदाण्याएवढ्या पारदर्शक गुठळ्या आल्या. सगळं गाळणीतून घासून काढलं, तास गेला. चक्का आधी तासभर बाहेर ठेवा, मग त्यातला डावभर गरम मिश्रणात घालून ढवळा आणि ते उरलेल्या चक्क्यात मिसळा. केकच्या 1 किलो मिश्रणाला चायना ग्रासची 6 ग्रॅम पावडर पुरते, जास्त घातली तर केकची बर्फी होते. चव मला तिन्हींत हीच आवडली, किंचित आंबट. जाऊबाई मात्र म्हणाल्या, "श्रीखंडात बिस्किट बुडवलंय का गं?"

तिसऱ्या वर्षी भट्टी नाही, फडकी नाही. स्टीलच्या ट्रेत कॉफी घातलेल्या गार दुधात बुडवलेली आख्खी बिस्किटं, वर फेटलेलं क्रीम, वर चॉकलेट. मग पुन्हा तेच. एका थराला 35 बिस्किटं, दोन थर, असे दोन ट्रे. बिस्किट दुधात बुडवून लगेच काढा, दोन आकडे मोजलेत तर लगदा होतो. चॉकलेटच्या थरासाठी मात्र ते न फुलणारं फ्रेश क्रीमच उत्तम: ते गरम करून तेवढंच चॉकलेट त्यात विरघळवायचं. रात्रभरात बिस्किटं ओल पिऊन केकसारखी मऊ होतात. हा कापता येत नाही, चमच्याने वाटीत वाढायचा. पण ट्रे बर्फाच्या परातीत ठेवला की तासभर हलत नाही, आणि फ्रिजमध्ये मध्ये आडवी पट्टी ठेवून दोन्ही ट्रे एकावर एक एकाच कप्प्यात बसतात. बिस्किटांचा खर्च सगळ्यांत जास्त यालाच.

माणसं वीस-पंचवीस असतील आणि आदला दिवस मोकळा असेल, तर चक्क्याचा करा. हॉल वातानुकूलित असेल आणि फोटो महत्त्वाचा असेल, तर बेक केलेला. 40 माणसं आणि अगाशी म्हणाल तर ट्रे, मी दुसरं काही सुचवणार नाही.

पुतणीचा एकच आक्षेप, मेणबत्ती फुंकून सुरी कुठे चालवायची? यंदा तिच्यापुरता 6 इंची तेलाचा केक वेगळा करणार आहे. ओटीजीची एकच खेप, ती पण पहाटे.