बाटलीतल्या एका लिटरनं ३८,००० रुपये नेले

आधी आकडे, मायलेज वाढवून देतो म्हणून एका गॅरेजनं आमच्याकडून घेतलेले. मायलेज किट १४,५०० रुपये, इंजिनाला डिझेल मोजून देणाऱ्या पंपाचं कॅलिब्रेशन (जुळणी) ८,२००, डिझेलमध्ये टाकायच्या औषधाच्या सहा बाटल्या ६५० प्रमाणे ३,९००. एकूण २६,६००. गॅरेजवाल्यांनी बिघडवलेला पंप ताळ्यावर आणायला पंप रूममध्ये, म्हणजे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्यांकडे, आणखी ११,४०० मोजले. म्हणजे ३८,००० गेले, आणि मायलेज वाढण्याऐवजी घटलं.

गाडी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, आत बिछाना, ओटा आणि पाण्याची टाकी बसवलेली. इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं, यांत्रिक इनलाइन पंपाचं, म्हणजे कॉम्प्युटरविना चालणारं. गॅरेज महामार्ग ६६ लगत, चिपळूणच्या दक्षिणेला. किटमध्ये चुंबक आणि चिप, जोडीला औषध, हा फसवणुकीचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. आम्हालाही होता. चुंबकाला आम्ही भुललो नाही, भुललो ते बाटलीच्या चाचणीला.

ती चाचणी अशी. टाकीची नळी काढून पंपाला एक लिटरची खुणांची बाटली जोडतात आणि ती संपेपर्यंत गाडी चालवतात. किट बसवण्याआधी एका लिटरला ६.२ किलोमीटर निघाले. बसवल्यावर १०.४. डोळ्यांदेखत झालं, म्हणून खरं वाटलं.

खोट रिटर्नच्या नळीत होती. डिझेल ओढून आणणारा फीड पंप इंजिनाला लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल ढकलतो आणि उरलेलं रिटर्नच्या नळीनं टाकीत परत जातं. पहिल्या फेरीत पुरवठा बाटलीतून, रिटर्न मात्र गाडीच्या मूळ टाकीत. न जळलेलं डिझेलही बाटलीतून निघून गेलं आणि बाटली लवकर रिकामी झाली. दुसऱ्या फेरीत त्यांनी रिटर्न बाटलीतच सोडला. शिवाय पहिली फेरी चढाची आणि दुसरी उताराची.

दुसऱ्या फेरीआधी गॅरेजचा पोरगा बॉनेटखाली वाकून नळी बदलताना आम्ही पाहिला होता. विचारलं तर म्हणाला, "एअर काढतोय, काका." एअर, म्हणजे नळीत अडकलेली हवा, काढायला डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारतात. रिटर्नच्या नळीला हात लावायचं काहीच कारण नाही. हे आम्हाला येतं! आमच्याच हातांनी कितीदा केलंय. तरीही त्या क्षणी तोंड उघडलं नाही, आणि तीच गोष्ट पैशांपेक्षा जास्त जाळते. वहीत टाकी भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंतचा लिटरला ९.१ चा हिशेब लिहिलेला असताना बाटलीचे ६.२ खरे धरले. गाडी पावसाळाभर उभी होती, काळा धूर येत होता, इंजिनात डिझेल फवारणारे नॉझल तपासायचे होतेच. त्यामुळे मायलेज पडलं असेल असं वाटणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. पण ६.२ वरून १०.४ म्हणजे जवळपास अडुसष्ट टक्के वाढ. कुठलंही किट जुन्या डिझेलमधून एवढं काढू शकत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं अशी शंभराहून अधिक उपकरणं तपासली आहेत आणि मायलेज ठळकपणे वाढवणारं एकही सापडलेलं नाही.

चिपचा डबा नंतर उघडला. आत एक दिवा आणि एक कपॅसिटर. या पंपाला कॉम्प्युटरच नाही, चिप सांगणार कुणाला?

खरं नुकसान 'कॅलिब्रेशन'नं केलं. पंपाचं शिशाचं सील तोडून फुल लोडचा स्क्रू, म्हणजे जास्तीत जास्त किती डिझेल जावं ते ठरवणारा, मागे घेतला होता. धूर कमी झाला, म्हणून काम झालंसं वाटलं. पण ताकदही गेली. जो चढ तिसऱ्या गिअरवर निघायचा तिथे दुसरा लावून इंजिन रडवावं लागलं. ४६२ किलोमीटरला ५५ लिटर, म्हणजे ८.४. पंपाचं सील तुटलेलं दिसलं की तिथेच काम थांबवा. कॅलिब्रेशन पंप काढून टेस्ट बेंचवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावरच होतं, गाडीवर उभ्या उभ्या नाही. या इंजिनाचे नॉझल सुमारे ११५ बार दाबाला उघडायला हवेत. दाब मोजून, आकडा लिहून घ्या.

पोलीस ठाण्यात गेलो तर "दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा." तासभर बाकावर बसवून एवढंच. लेखी अर्ज दिला तर पोच द्यायला तयार नाहीत, साहेब बाहेर आहेत. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात सांगितलं की आमचा संबंध वजन-मापाशी, तुमची बाटली आमच्या कक्षेत येत नाही. खोट्या मापानं पैसे उकळले, तरी माप कक्षेत नाही! तिसऱ्या खिडकीवर विचारलं, "पक्कं बिल आहे का?" बिल आहे, हातानं लिहिलेलं, 'ॲक्सेसरीज १ नग', जीएसटी क्रमांक नाही. आगाऊ १०,००० यूपीआयनं गेले, बाकी १६,६०० रोख दिले. रोख देऊ नका. यूपीआयची नोंद आज आमचा एकमेव भक्कम पुरावा आहे.

मायलेज खरंच मोजायचं तर एकच पेट्रोल पंप, शक्यतो भरायची तीच नळी, सपाट जागा, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरणं, किमान ३०० किलोमीटर आणि पुन्हा तसंच भरणं. टायर वेगळ्या मापाचे घातले असतील तर मीटरचे किलोमीटरही चुकतात. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरचं माप मागा, २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो.

आमचं डिझेल कुठे जात होतं ते पुढे कळलं. मागचं डावं चाक खाऱ्या हवेत गंजून ब्रेक धरत होतं. वीस किलोमीटर चालवून हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधोमध, हात नेला तर कळतं, एक बाजू भाजते. इंजिनाचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट तर आधीच कुणीतरी काढून टाकलेला. कोकणातल्या मिस्त्रींची ही खोड फार वाईट. इंजिन गरमच होत नाही आणि डिझेल जास्त पितं. एअर फिल्टरमध्ये तांबडी धूळ बसली होती. पाण्याची १०० लिटरची टाकी भरून घाट चढणं म्हणजे क्विंटलभर ओझं फुकट वाहणं, पाणी मुक्कामाला भरा. ताशी साठ-पासष्टच्या पुढे ही चौकोनी पेटी फक्त वारा ढकलते. पावसाळ्यात डिझेलची टाकी अर्धी ठेवू नका, आत पाणी साचतं. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरमधलं पाणी आठवड्याला सोडा. या दुरुस्त्यांना १,९०० रुपये लागले. पंप ताळ्यावर आल्यावर ४८६ किलोमीटरला ५० लिटर, म्हणजे ९.७.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घेतला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि मुदत दोन वर्षं. चिपळूणच्या दक्षिणेला महामार्गाच्या त्याच पट्ट्यात बाटलीची चाचणी करून किट घेतलं असेल तर डबा फेकू नका, नळीच्या जोडांचे आणि पंपाच्या सीलचे फोटो आजच काढून ठेवा. तुमच्याही पहिल्या फेरीत रिटर्न कुठे जात होता ते आठवून तारखेसकट लिहून ठेवा.